चार मिनिटं मागे

आमच्या सक्करदऱ्यातल्या गल्लीत बरीच वर्षं असा समज होता की मेश्रामबाई वाडीकडे कुठंतरी वृद्धाश्रम चालवतात. चूक माझीच. कोणी विचारलं, "तुम्ही करता काय?" की मी सांगायचे, "म्हाताऱ्यांना सांभाळते." एकदा समोरच्या बोंद्रेकाकू जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घे वं सुनंदा, तुह्या तिथल्या बुढ्या बायांले दे." तेव्हा मला खरं सांगावं लागलं की माझे म्हातारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांना लुगडी लागत नाहीत. काकूंनी गाठोडं परत नेलं, पण त्यांना वृद्धाश्रमच जास्त पटला होता हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मी ज्या कंपनीत नोकरी केली ती नवे उपग्रह सोडत नव्हती. दुसऱ्यांनी वापरून जुने झालेले संचार उपग्रह घ्यायचे आणि आणखी काही वर्षं चालवायचे, हा आमचा उद्योग. नियंत्रण केंद्र अमरावती रोडवर, वाडीच्या गोदामांच्या मागे. एका बाजूला ट्रान्सपोर्टचं आवार, दुसऱ्या बाजूला रशीदभाईंचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, आणि मध्ये आमच्या पांढऱ्या थोराड डिश. रशीदभाई म्हणायचे, "मॅडम, अपना धंदा एकीच है. कंपनी बोलती भंगार में डालो, हम बोलते और दो साल चलाते." माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या कुठल्याच साहेबाला कधी जमलं नाही.

आता हे म्हातारपण म्हणजे नेमकं काय, ते सांगते. संचार उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो आणि पृथ्वी फिरते त्याच गतीनं फिरतो. म्हणून तो खालून एका जागी थांबल्यासारखा दिसतो आणि तुमच्या गच्चीवरची डिश एकदा लावली की पुन्हा हलवावी लागत नाही. पण सूर्य आणि चंद्र त्याला सुखानं थांबू देत नाहीत. त्यांच्या ओढीनं त्याची कक्षा हळूहळू कलते आणि तो रोज थोडा उत्तरेला, थोडा दक्षिणेला डुलायला लागतो. ते डुलणं थांबवायला अधूनमधून इंधन जाळावं लागतं, आणि उपग्रहाचं बहुतेक इंधन याच एका कामात खर्ची पडतं. एक दिवस इंधन संपत येतं. यंत्रं धडधाकट, सौर पंख शाबूत, तरी मालक म्हणतो, झालं याचं आता.

इथे आमचं काम सुरू व्हायचं. आमचं म्हणणं, डुलतोय तर डुलू द्या. उत्तर-दक्षिण सांभाळणं सोडून द्यायचं. पूर्व-पश्चिम मात्र सांभाळायचं, कारण त्या बाजूंना दुसऱ्यांचे उपग्रह असतात आणि शेजाऱ्याच्या अंगणात शिरून चालत नाही. त्याला इंधन फार थोडं लागतं. एका वर्षाच्या इंधनात अशी पाच-सहा वर्षं निघतात. शेवटचा घोट मात्र राखून ठेवायचा, कारण निवृत्तीच्या दिवशी उपग्रहाला तीनशेक किलोमीटर आणखी वर ढकलून त्याची जागा मोकळी करून द्यावी लागते.

तो शेवटचा घोट आहे की नाही हे ओळखणं हीच खरी गोम. वर वजन नाही, त्यामुळे टाकीतलं इंधन तळाशी बसत नाही आणि काटा काही दाखवत नाही. मग आम्ही टाकी किंचित गरम करायचो आणि ती किती वेळात तापते ते बघायचो. भरलेली टाकी सावकाश तापते, रिकामी पटकन. बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. गॅस किती उरला हे बघायला सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवायचं आणि कुठपर्यंत लवकर वाळतं ते बघायचं, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. पुरुष इंजिनिअरांना मला फळ्यावर आकृती काढून द्यावी लागायची.

वरची बाजू अशी निभायची. त्रास व्हायचा खाली, गिऱ्हाइकांना. डुलणाऱ्या उपग्रहाकडे डिशनंही मान हलवून बघत राहावं लागतं. आमच्या मोठ्या डिशना मोटारी होत्या. लहान गिऱ्हाइकांच्या डिश भिंतीला घट्ट बसवलेल्या.

जरीपटक्याचे हेमनदास त्यातले एक. कापडाचं दुकान, आणि जोडीला केबलवर भजनांचं एक चॅनल. उपग्रह डुलायला लागला तसे त्यांचे फोन सुरू झाले. "मॅडम, रोज शाम को आरती के टाइम भगवान गायब!" मी नेहमीचं उत्तर दिलं, तांत्रिक अडचण आहे, बघतो. आठवड्याभरानं पुन्हा फोन. आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त. "मॅडम, मैंने लिख के रखा. आपका सॅटेलाइट रोज चार मिनट जल्दी छुट्टी करता है. आज सात में दस कम को गया, कल और चार मिनट पहले जाएगा."

मी खुर्चीतच सरळ बसले. कापड मोजणाऱ्या माणसानं आमच्या विद्येचं मर्म घड्याळ बघून काढलं होतं. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी चोवीस तासांची नसते, चार मिनिटं कमी असते. आपण घड्याळ सूर्यावर लावतो म्हणून ती चार मिनिटं आपल्या लक्षात येत नाहीत. उपग्रह सूर्याचं घड्याळ मानत नाही. आज दुपारी दोन वाजता तो जिथं असेल, तिथं उद्या दोनला चार मिनिटं कमी असताना पोचतो. महिन्याभरात दोन तासांचा फरक पडतो. हेमनदासांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो फिर पंद्रह दिन में आरती इससे छूट जाएगी ना?" सुटलीच. मग सकाळच्या भजनांची पाळी आली, पण सकाळी त्यांचं गिऱ्हाईक कमी असायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आमच्याकडे एक उपग्रह होता, कागदोपत्री त्याला नाव आणि नंबर होता, पण केंद्रात सगळे त्याला "बुढा" म्हणायचे. बुढ्यावरची मोठी गिऱ्हाइकं एकेक करून नव्या उपग्रहांवर निघून गेली. मागे उरली चार-दोन लहान, आणि त्यांत गडचिरोलीच्या आतल्या भागातला एका संस्थेचा छोटा दवाखाना. तिथं टॉवर नव्हता, तार पोचलेली नव्हती. पावसाळ्यात नदी चढली की रस्ताही नसायचा. डॉक्टर एकच, तरुण, सगळ्या रोगांवर एकटेच. बुढ्यावरून ते नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलायचे, पेशंट दाखवायचे, विचारायचे. तीच त्यांची वाट होती, दुसरी नव्हती.

साहेबांचं मत होतं की बुढ्याला आता वर ढकलून मोकळं व्हावं. मी भांडले. टाकीत तीन वर्षं पुरेल इतकं आहे, दवाखान्याला दुसरी सोय नाही, मग घाई कशाची? साहेब शांत माणूस. म्हणाले, "ठीक आहे. दवाखान्याची लिंक नीट चालते हे दोन महिने दाखवा. चालत नसेल तर कोणासाठी ठेवायचा?"

दवाखान्याच्या डिशला मोटार बसवणं शक्य नव्हतं, तिथं वीज धड टिकत नव्हती. मी आणि आमचे मेकॅनिक गजूभाऊ रशीदभाईंकडे गेलो. त्यांनी ट्रकच्या जॅकचा लांब स्क्रू काढला, त्याला हँडल जोडलं. हँडल फिरवलं की डिश वर-खाली व्हायची. पट्टीवर रंगानं एक ते नऊ खुणा. कोणत्या वेळी कोणत्या खुणेवर डिश ठेवायची याचं वेळापत्रक मी तयार केलं. रोजचा वेगळा कागद पाठवायची कटकट नको म्हणून एकच कागद केला आणि खाली नियम लिहिला: "दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वेळ रोज चार मिनिटं मागे घ्यावी." मला त्या एका ओळीचा फार अभिमान वाटला. गजूभाऊ जाऊन डिश बसवून आले. हँडल फिरवायचं काम दवाखान्याच्या मडावी नावाच्या शिपायाकडे दिलं. पन्नाशीचा माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, दवाखान्यात झाडण्यापासून ड्रेसिंगपर्यंत सगळं करणारा.

पहिला आठवडा उत्तम गेला. दुसऱ्या आठवड्यात लिंक मधूनमधून तुटायला लागली. तिसऱ्यात रोज कित्येक तास बंद. साहेब रोज सकाळी येऊन तक्ता बघायचे आणि जायचे. लिंक चालू असलेल्या तासांतच फोन लागायचा, तशी एकदा वेळ गाठून मी मडावीला धारेवर धरलं.

"मडावीभाऊ, हँडल फिरवता की नाही?"

"फिरवून राहिलो ना मॅडम. घड्याळ पाहूनच फिरवतो."

"मग लिंक काहून तुटते?" रागावले की माझी नागपुरी बाहेर येते. एरवी नाही. पुण्याला शिकताना "मले-तुले"वरून वर्गानं माझी इतकी टिंगल केली होती की नोकरीला लागल्यापासून कागदावर मी एक शब्द वऱ्हाडी येऊ दिला नव्हता.

तो पुढे काहीतरी सांगत होता. मला ते ऐकायचं नव्हतं. कामचुकार माणसाकडे कारणं भरपूर असतात, असं तेव्हा माझं पक्कं मत होतं. महिना उलटला तेव्हा कंपनीनं दवाखान्याला पत्र पाठवलं, की आपल्या डिश-चालकाच्या निष्काळजीपणामुळे सेवा खंडित होत आहे, सुधारणा न झाल्यास ती बंद करावी लागेल. सही साहेबांची. मसुदा माझा.

पत्रानंही फरक पडेना, तेव्हा दीड महिन्यानं मी स्वतः गेले. दिवस थंडीचे होते, नदी उतरलेली होती, जीप थेट दवाखान्यापर्यंत गेली. डॉक्टरांनी मला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की मागच्या आठवड्यात एका बाळंतिणीला रक्तस्राव थांबत नव्हता, नागपूरला विचारायचं होतं, लिंक लागली नाही. शेवटी तिला जीपमध्ये घालून जिल्ह्याला पाठवली, सहा तासांचा रस्ता. "वाचली," ते म्हणाले. "पण मॅडम, दर वेळी वाचेलच असं नाही."

मडावी डिशपाशी उभा होता. उंच, सडपातळ, खाकी स्वेटर घातलेला. मला बघून त्यानं नमस्कार केला आणि एक वही पुढे केली. शाळेची रेघांची वही. रोजच्या पानावर तारीख, प्रत्येक खुणेसमोर ठरलेली वेळ आणि त्याखाली हँडल फिरवल्याची वेळ. एक दिवस चुकलेला नाही. अक्षर सुवाच्य. मी पहिली पानं चाळली. दोन वाजता खूण सात. दुसऱ्या दिवशी खूण सात, दोन वाजून चार मिनिटं. तिसऱ्या दिवशी दोन वाजून आठ.

"मडावीभाऊ, हे असं उलटं काहून केलं? चार मिनिटं मागे घ्यायची होती."

"मागंच तर घेतले मॅडम. आज दोनला, उद्या त्याच्या मांगून चार मिन्टं."

मांगून. माझी आई आयुष्यभर म्हणत आली, "तू होय पुढे, मी येतो मांगून." मांगून म्हणजे नंतर. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, साऱ्या विदर्भात हे कोणालाही कळतं. मी लिहिलं "मागे" आणि माझ्या मनात होतं "आधी". त्यानं वाचलं "मागे" आणि त्याच्या मनात आलं "मांगून". बुढा रोज चार मिनिटं लवकर येत होता, मडावी रोज चार मिनिटं उशिरा जात होता. दीड महिन्यात दोघांची सहा तासांची चुकामूक झाली होती. तीन महिने गेले असते तर बुढा वर असताना डिश खाली आणि बुढा खाली असताना डिश वर, असं झालं असतं. तो माणूस न चुकता, घड्याळ बघून, माझी चूक राबवत होता.

मी पेन काढलं, "मागे" खोडलं आणि "आधी" लिहिलं. नव्या वेळा मांडून दिल्या. डॉक्टरांना म्हणाले, "वेळापत्रकात थोडी दुरुस्ती होती, केली." मडावीला म्हणाले, "आता असं करा." बस, इतकंच. माफीचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी स्वतःला समजावत होते की काम झालं, लिंक वाचली, हे महत्त्वाचं. साहेबांना मात्र खरं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ना नीट? मग त्या पत्राचं आता कशाला उकरायचं?" मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मीही उकरलं नाही.

त्या दिवसापासून दवाखान्याची लिंक अशी चालली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. बुढा आणखी तीन वर्षं जगला. कंपनीनं त्याबद्दल माझा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं, साहेबांनी भाषणात माझ्या चिकाटीचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मी हसले आणि बसले. वरचं इंधन मी राखलं होतं हे खरं. पण तीन वर्षं खालून बुढ्याकडे मान वर करून बघत कोण राहिलं होतं, ते सभागृहात एकट्या मला माहीत होतं.

मग दवाखान्याच्या गावी टॉवर उभा राहिला आणि बुढ्याची गरज संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वर ढकलायचं ठरलं. माझीही निवृत्ती तोंडावर आली होती. आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात फोन लावला, मुद्दाम बुढ्यावरूनच.

उपग्रहावरून बोलताना एक गंमत असते. तुमचा आवाज वर जातो, खाली येतो, मग समोरच्याचं उत्तर वर जातं आणि खाली येतं. अर्धा सेकंद तरी जातो. नवखे लोक गोंधळून एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. मला आणि मडावीला सवय झाली होती.

"मडावीभाऊ, उद्यापासून हँडल फिरवायचं नाही."

"बरं मॅडम. डॉक्टरसाहेब बोलले मले."

"आणखी एक सांगायचं होतं. ते सुरुवातीचे दीड महिने. ते पत्र. चूक तुमची नव्हती. कागद मी चुकीचा लिहिला होता. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. मला माफ करा."

अर्धा सेकंद गेला.

"मले माहीत होतं मॅडम," तो म्हणाला. "दुसऱ्याच हप्त्यात समजलं होतं. हँडल टाइमाच्या आधी फिरवलं की आवाज साफ ये. कागदापरमाणं फिरवलं की खरखर."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं ना जी. तुमचा पयला फोन आला त्याच दिवशी. तुमी म्हणाल्या, डोकं नका चालवू, कागद चालवा." यावर तो थोडा हसला. "मंग चालवला कागद."

असं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, त्याचा तोल ओळखीचा होता. मी त्याची पुन्हा माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, लय चांगला चालला बुढा." मग पलीकडे त्याला कोणीतरी हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

आमच्या केंद्रात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद रजिस्टरमध्ये करायची शिस्त होती, आणि ती शिस्त मीच घालून दिली होती. मी कपाटातून तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं आणि त्या पहिल्या फोनच्या दिवसाचं पान शोधलं. निळ्या शाईत, माझ्या टापटीप अक्षरात, एकही वऱ्हाडी शब्द नसलेल्या मराठीत लिहिलं होतं: "चालकाचे म्हणणे: डिश नियोजित वेळेआधी फिरवल्यास संपर्क सुधारतो. चालकास कागदाप्रमाणेच काम करण्याची समज दिली."